राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक चार, मार्गे गंगाखेड

परभणीच्या माणसाने परगावी आपलं गाव सांगितलं की समोरचा दोन म्हणींपैकी एक ऐकवतो. पुण्या-मुंबईकडचा असला तर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ आणि हैदराबादकडचा असला तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’. दुसरीचा अर्थ विचारावा लागत नाही, तो सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरच असतो. पहिलीने मात्र माझी बरीच वर्षं खाल्ली. जर्मनीत आणि आमच्यात सारखं काय? त्यांच्या महामार्गांवर कित्येक ठिकाणी वेगाची मर्यादा नाही, आमच्या रस्त्यांवर वेगच नाही. त्यांनी दोन महायुद्धं केली, आम्ही बाजार समितीच्या प्रत्येक निवडणुकीला एक करतो. पण एवढ्याने म्हण सिद्ध होत नाही. पुरावा शेवटी सापडला तो नदीत. त्यातला अर्धा सरकारने पुरवला आणि अर्धा माझ्या साडूंनी.

आधी सरकारचा अर्धा सांगतो.

२०१६ साली संसदेने राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला. देशभरातले १११ जलमार्ग त्याच्या परिशिष्टात आहेत. चौथ्या क्रमांकाच्या मार्गात काकिनाड्याकडचे कालवे, कृष्णा आणि गोदावरी असं सगळं एकत्र बांधलंय, आणि त्यातला गोदावरीचा पट्टा भद्राचलमपासून वर थेट नाशिकपर्यंत ओढलाय. आता नाशिकहून भद्राचलमला नदीने जायचं तर परभणी जिल्हा चुकवता येत नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके करतच पुढे नांदेड गाठावं लागतं. म्हणजे आमच्या गंगाथडीतून (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, दुसरी एक काशीला आहे, असं ऐकून आहोत) राष्ट्रीय जलमार्ग वाहतोय आणि काठावरच्या माणसाला पत्ता नाही. महामार्ग आला तर निदान भूसंपादनाची नोटीस तरी येते, मोबदल्यावरून दोन भाऊ कोर्टात तरी जातात. जलमार्ग कुणाच्या लक्षातही न येता आला.

कायदा अमलात आला १२ एप्रिल २०१६ रोजी. त्याच दिवशी पहाटे शेजारच्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पोचली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. लोक स्टेशनात पाण्याच्या स्वागताला गेले होते. एकाच मुहूर्तावर दिल्लीत आमची नदी जहाजांना मोकळी झाली आणि इकडे पाणी रेल्वेने आलं. या दोन खात्यांनी एकमेकांना एक फोन केला असता तर मराठवाड्याचं काय झालं असतं, याचा विचार मी अजून अधूनमधून करतो.

तसा गोदावरीत बोटी घालण्याचा मोह जुनाच. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचं धरण बांधणाऱ्या सर आर्थर कॉटनसाहेबाच्या डोक्यात होतं की समुद्रातून गोदावरीत शिरायचं, प्राणहितेतून वर्धा नदीत जायचं आणि वऱ्हाडचा कापूस पाण्यावरून खाली आणायचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तसा या कामाला आणखी जोर चढला. वाटेत मैलोगणती खडक होते. खडकांनी इंग्रजांचं ऐकलं नाही आणि १८७१ मध्ये काम थांबलं. आमच्या मानवत-सेलूचा कापूस त्यांच्या नकाशात नव्हताच. त्याला पुढे निजामाची मनमाड-हैदराबाद रेल्वे मिळाली, आणि आम्ही पाण्याकडे पाहायचं सोडून वेळापत्रकाकडे पाहू लागलो. ती सवय अजून आहे. खाली आंध्रात पापिकोंडालुच्या डोंगरांतून याच गोदावरीत पर्यटकांच्या बोटी चालतात, लोक गच्चीवर नाचतात, जेवण तिकिटातच असतं. नदी तीच. फक्त आमच्याकडे ती लहानपणी असते आणि लहानपणी कुणाला शिस्त असते?

आता साडूंचा अर्धा.

साडूभाऊ पुण्याचे. बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात प्रवासाला लागले. २०२२ च्या ऑगस्टात ते आणि आमची मेहुणी ऱ्हाईन नदीवरची क्रूझ करून आले. तेव्हापासून त्यांच्याशी कोणताही विषय काढा, तो तीन वाक्यांत ऱ्हाईनला मिळतो. कांद्याचे भाव वाढले म्हटलं तर कोलोनला सूप किती युरोला होतं, हे कळतं. पुढच्या जानेवारीत वाराणसीहून गंगाविलास निघाली, ५१ दिवस, ३२०० किलोमीटर, २७ नद्या, बांगलादेशातून फिरून दिब्रुगड. पहिल्या फेरीत सगळे पाहुणे स्वित्झर्लंडचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिहारात छपऱ्याजवळ बोट गाळात रुतल्याची बातमी आली आणि सरकारने ती तातडीने नाकारली. साडूभाऊंनी मला फोन करून सांगितलं, ‘‘बघा, आता आपल्याकडेही क्रूझ कल्चर येतंय.’’ मी म्हटलं, ‘‘रुतली म्हणतात.’’ ते म्हणाले, ‘‘रुतायला आधी बोट लागते.’’ यावर परभणीकराकडे उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा हंगाम. आमची दोघांची सासुरवाडी गंगाखेड. ज्या महिन्यात आख्खा मराठवाडा गंगेच्या स्नानाला गंगाखेडला लोटतो, त्याच महिन्यात आम्हीही तिथे ताटाभोवती रांगोळी घालून घेत बसलेलो असतो. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, वाणाचा चांदीचा दिवा. पाऊस त्या वर्षी रुसला होता. सासरेबुवा आभाळाकडे पाहत आणि मग जावयांच्या ताटाकडे पाहत. दोन्ही नजरांत फारसा फरक नव्हता.

जेवणं झाल्यावर साडूभाऊंनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि घरच्यांना ऱ्हाईन दाखवायला सुरुवात केली. एकेका वळणावर एकेक किल्ला, उतारावर द्राक्षांचे मळे, घड्याळाचे मनोरे. लोरेली नावाचा एक कडा दाखवला. त्यावर बसून एक सुंदरी केस विंचरत गाते आणि नावाडी तिच्याकडे पाहता पाहता बोटी खडकावर घालतात, अशी कथा.

सासरेबुवा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘‘जावईबापू, एवढं पाणी वाहायलंय अन् एक मानूस आंघोळ करताना दिसंना.’’

‘‘मामा, तिकडे नदीत अंघोळ करत नाहीत.’’

‘‘मग नदी कशाला ठेवलीय?’’

टीव्ही बंद झाला.

तेवढ्यात मी जलमार्ग क्रमांक चारची माहिती पुरवली. माझा हेतू विषय बदलण्याचा होता. परिणाम उलटा झाला. साडूभाऊ ताठ बसले. ‘‘कायद्यानेच जलमार्ग आहे? म्हणजे आपण आत्ता राष्ट्रीय जलमार्गाच्या काठावर बसलोय? मग उद्याच निघू.’’ कागद मागवला गेला. पाथरीकडून जिल्ह्यात शिरायचं, गोदावरीने खाली उतरत पूर्णा नदीच्या संगमापर्यंत जायचं, वाटेत इतिहास आणि निसर्ग. बोट कुठे मिळते, असं त्यांनी मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा शांत माणूस आहे. तो म्हणाला, ‘‘बोट न्हाई, बोलेरो हाय. पानी लागंल तिथं उतरू, न्हाई लागलं तर गाडी हायेच.’’

सकाळी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आमची क्रूझ निघाली. चालक मेव्हणा, मालक सासरेबुवा, प्रवासी आम्ही दोन जोडपी.

पहिला मुक्काम ढालेगाव. कल्याणहून येणारा महामार्ग बीड जिल्ह्यातून पाथरीकडे येताना इथे गोदावरी ओलांडतो. इथलाच बंधारा. जिल्ह्यात गोदावरीवर असे पाच आहेत: ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी आणि डिग्रस. साडूभाऊंनी बंधाऱ्याचे दरवाजे पाहून विचारलं, ‘‘यात बोटीसाठी लॉक कुठाय?’’ मेव्हण्याला वाटलं, कुलूप. तो म्हणाला, ‘‘पाटबंधाऱ्याच्या हापिसात आसंल.’’ मग साडूभाऊंनी समजावलं की युरोपात धरणाला बाजूला एक पेटी असते, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीला अलगद जाते. मेव्हण्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘आमच्याकडं पानी सोडलं की खालचं गाव मोर्चा आनतंय अन् न्हाई सोडलं तर वरचं. बोटीसाठी सोडलं तर दोन्ही येतील.’’

हे त्याने थट्टेत सांगितलं तरी थट्टा नव्हती. आमच्या गंगेला पावसाळा सोडला तर स्वतःचा प्रवाह असा नाही, तिला आवर्तन असतं. पैठणला १९७६ साली जायकवाडीचं धरण झालं, तेव्हापासून खाली किती पाणी यायचं ते सत्तावीस दरवाजे ठरवतात. त्या दरवाजांमागे किती यायचं ते नाशिक-नगरची धरणं ठरवतात. त्या धरणांनी किती द्यायचं ते २००५ चा एक कायदा, एक प्राधिकरण आणि गरज पडल्यास उच्च न्यायालय ठरवतं. आमच्या या क्रूझच्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, वरच्या धरणांतून जायकवाडीत ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा दोन्हीकडची माणसं रस्त्यावर उतरली. अशा नदीवर क्रूझचं वेळापत्रक छापायचं म्हणजे कॅप्टनपेक्षा वकील चांगला हवा. ऱ्हाईन सहा देशांतून वाहते, पण तिच्या वाट्याला नाशिक आणि नगर आलेले नाहीत.

पाथरी नदीपासून थोडी आत आहे, पण ऱ्हाईनवरही बोट बांधून गावात नेतात, असा निर्वाळा मिळाला म्हणून आत गेलो. पाथरीला आता लोक साईबाबांच्या जन्मस्थळासाठी येतात. २०२० च्या जानेवारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले आणि शिर्डीने गाव बंद ठेवलं. ज्या बाबांनी जन्मभर आपलं गाव सांगितलं नाही, त्यांच्या गावावरून दोन गावं भांडली. आमचा कल अर्थातच पाथरीकडे. आणि गावावरून भांडण्याची पाथरीची परंपराही काही कालची नाही.

फिरिश्ता नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलेली हकिगत मी साडूभाऊंना सांगितली. पाथरीच्या बहिरू कुलकर्ण्याचा मुलगा तिमाप्पा बहामनी सुलतानाच्या हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावाने चढत चढत राज्याचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने अहमदनगरची निजामशाही उभी केली. बापाने आणि मुलाने एवढं कमावलं. नातवाने, म्हणजे बुऱ्हाण निजामशहाने, काय करावं? पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने निरोप पाठवला की आमच्या वाडवडिलांचं गाव आहे, हवा तर दुसरा परगणा घ्या, पाथरी द्या. इमादशहाने नाही म्हटलं. बुऱ्हाणने फौज आणली आणि गाव घेतलं. इमादशाहीचा संस्थापकही मुळात विजयनगरकडून पकडून आणलेला ब्राह्मणाचा पोर. म्हणजे दोन सुलतान, दोन्ही सिंहासनं, हत्ती-घोडे-तोफा सगळं आहे, आणि भांडण कशावरून तर पाथरीच्या कुलकर्णी वतनावरून.

साडूभाऊ गप्प झाले. त्यांचं स्वतःच्या चुलतभावाशी वडिलोपार्जित पावणेदोन गुंठ्यांवरून सतरा वर्षं चाललंय. ऱ्हाईनच्या काठच्या एकाही किल्ल्याने त्यांना इतकं हलवलं नसेल.

मुदगलला मात्र खरोखरच बोटीतून जावं असं ठिकाण आहे. मुद्गलेश्वराचं दगडी मंदिर नदीच्या पात्रात आहे. काठावर, घाटावर वगैरे काही नाही, थेट पात्रात. पूर आला की देव पाण्याखाली जातो, पूर ओसरला की गाळ काढून पूजा सुरू. ज्याने बांधलं त्याला नदी कळत नव्हती असं नाही. त्याला ती चांगली कळत होती, म्हणूनच त्याने दगड असे बसवले की शेकडो पूर गेले आणि मंदिर जागचं हललं नाही. आमच्याकडे अलीकडचे पूल पहिल्याच पुराला दिशा बदलतात. अधिक महिना असल्यामुळे तिथे ही गर्दी. टमटम, ट्रॅक्टर, बायांच्या ओल्या लुगड्यांच्या रांगा, नारळ, खणाची दुकानं. साडूभाऊ फोटो काढायला पुढे झाले, तर एका आजीबाईंनी त्यांच्या हातात स्वतःच्या चपला दिल्या. ‘‘धर रं जरा, बुडी मारून येते.’’ ते अर्धा तास चपला धरून उभे. ऱ्हाईनवर त्यांना असा स्थानिक संपर्क झाला नव्हता.

मुदगलच्या खाली पुष्कळ मैल आम्ही नदीकडेने, नदी न पाहता गेलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधे बाभळी. नदीच्या वाळवंटात पूर्वी टरबुजाच्या वाड्या असत. पाणी हटलं की वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत घालायचं, वेल सोडायचे. सासरेबुवांच्या सांगण्याप्रमाणे एकेक फळ एका माणसाला उचलत नसे. टरबुजं गेली कारण वाळू गेली. वाळू कुठे गेली हे मी सांगायला नको, तुमच्या स्लॅबमध्ये बघा. आता रात्री नदीत दिवसापेक्षा जास्त उजेड असतो. आणि इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे की आमच्याकडे जलमार्ग क्रमांक चारवर प्रत्यक्ष तरंगणारी, माल वाहणारी, वेळेवर निघणारी एकमेव वाहनं म्हणजे वाळू उपसणाऱ्यांचे तराफे. महसूल खातं ती पकडतं आणि काठावर जाळतं. बातमीत आकडाही असतो, इतके तराफे नष्ट. जहाजबांधणीचा एवढा सातत्याने चाललेला उद्योग मराठवाड्यात दुसरा नाही.

परत गंगाखेडला आलो. परभणी-परळी रेल्वेच्या पुलाखाली पाणी होतं, घाटावर माणसं होती. गंगाखेडला दक्षिण काशी म्हणतात. आख्ख्या टापूतली माणसं इथे अस्थी घेऊन येतात, त्यामुळे ऱ्हाईनच्या भाषेत बोलायचं तर इथला एकेरी प्रवास फार लोकप्रिय आहे. हे वाक्य मी मोठ्याने बोललो आणि सासूबाई आत स्वयंपाकघरात होत्या हे नशीब. जनाबाई इथलीच. दमा आणि करुंड यांची मुलगी, पोरवयात पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला गेली आणि नामदेवांच्या त्या घरात दळता कांडता तिने देवालाच जात्यावर बसवलं. साडूभाऊंना मी म्हटलं, तुमच्या लोरेलीने काय केलं? कड्यावर बसून केस विंचरले आणि नावाडी बुडवले. आमच्या जनीच्या केसांची वेणी खुद्द विठ्ठलाने घातली असं मानतात, आणि ती तर आख्ख्या महाराष्ट्राला तारून नेतेय. यावर सासरेबुवांनी मान डोलावली. जावयांच्या सामन्यात त्या दिवसाचा तो माझा एकमेव गुण.

धारासूर हे खरं प्रवासाचं शिखर व्हायला हवं. गंगाखेड तालुक्यातलंच, गोदावरीच्या काठचं खेडं, आणि तिथे गुप्तेश्वराचं मंदिर. यादवकाळाच्या आसपासचं. उंच जोत्यावर, ताऱ्यासारख्या कोनाकोनांनी फिरत जाणाऱ्या भिंती आणि त्या भिंतींवर सुरसुंदरींच्या अशा मूर्ती की ज्या कुठल्याही परदेशी संग्रहालयाने काचेत ठेवून वर दिवा लावला असता. इथे त्या उन्हापावसात आठशे वर्षं उभ्या आहेत आणि त्यांना पाहायला रांग नाही. तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, ‘येथे थुंकू नये’ हीच काय ती संशोधनपर माहिती. एक चौथीतला पोरगा आमच्याबरोबर फिरला. कोणता राजा, कोणतं शतक या प्रश्नांना त्याचं एकच उत्तर होतं, ‘‘लई जुनंय.’’ मी बरेच मार्गदर्शक ऐकलेत. इतकं बिनचूक बोलणारा दुसरा आठवत नाही.

आणि एक सांगून टाकतो, कारण साडूभाऊ हे सांगणार नाहीत. ऱ्हाईनच्या काठी दिसणारे ते मध्ययुगीन किल्ले, त्यांतले बरेच पडून गेले होते. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजघराण्याला काव्याचा झटका आला आणि त्यांनी ते पुन्हा बांधून काढले. श्टोल्झनफेल्स नावाचा फार फोटोजनिक किल्ला आहे, तो आजच्या रूपात १८४० च्या आसपासचा. आमच्याकडे १८४० चं काही दाखवायला नेलं तर पाहुणे रागावतील. आमच्या शेजारच्या वाड्याचं न्हाणीघर त्याहून जुनं आहे.

धारासूरहून निघालो तसा साडूभाऊंचा धीर सुटला. सकाळपासून बोलेरोत बसून त्यांची कंबर धरली होती, पालमकडे जाताना पात्रात नुसते खडक आणि डबकी दिसत होती. ते म्हणाले, ‘‘हे बरोबर नाही. क्रूझ म्हणायचं आणि गाडीत बसवून फिरवायचं. प्रवाशांची ही फसवणूक आहे.’’

मागच्या सीटवरून मेहुणी म्हणाली, ‘‘मग तिकडे तरी काय झालं होतं?’’

गाडीत शांतता.

‘‘काय झालं होतं?’’ मेव्हण्याने विचारलं.

‘‘अरे, पाणीच नव्हतं नदीत. त्या कौब का कुठल्या गावापाशी बोट जाईना. सगळ्यांना उतरवलं, बॅगा घेतल्या आणि बसमध्ये घातलं. पुढे दुसरी बोट दिली. ती लोरेली का कोण, ती मी बसच्या खिडकीतून पाहिलीय. फोटोत नीट बघा, कोपऱ्यात पडदा दिसतो.’’

मोबाइल मागवण्यात आला. फोटो मोठा करण्यात आला. पडदा होता. झालरीसकट.

हे खरं आहे, नंतर मी पडताळून पाहिलं. २०२२ च्या ऑगस्टात युरोपात असा दुष्काळ पडला होता की कौबच्या मोजपट्टीवर ऱ्हाईनची पातळी ४० सेंटिमीटरच्याही खाली गेली. मालवाहू जहाजं पाव माल भरून चालली आणि क्रूझच्या पाहुण्यांना ठिकठिकाणी बसने पुढे नेलं गेलं. जगात जर्मनी, भारतात परभणी! इतकी वर्षं लोक उगाच हसत होते. नदी आहे, तिला मोठं नाव आहे, काठाने इतिहास आहे, पाणी नाही आणि प्रवासी बसमध्ये. दोन्हीकडे तंतोतंत. फरक दिसलाच तर इतका की जर्मनीत त्या बसचे पैसे परत मागता येतात आणि आमच्याकडे डिझेल सासऱ्यांनी भरलेलं होतं.

साडूभाऊ बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ते काही नाही. मला आज या नदीत तरंगायचंय.’’

माणूस असा इरेला पेटला की सासुरवाडीला नाही म्हणता येत नाही, विशेषतः अधिक महिन्यात. मेव्हण्याने गाडी एका बंधाऱ्याच्या फुगवट्याकडे वळवली. कोणत्या ते सांगत नाही. तिथे खरंच पाणी होतं, रुंद, गढूळ, कडेला जलपर्णी, आणि पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले. एक मासेमारी करणारे भोईमामा जाळं सोडवत होते. त्यांचा चप्पू काठाला लागला होता. चप्पू म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यांत भरून, दोरीने आवळून, वर दोन फळ्या. मराठवाड्यात धरणांच्या पाण्यावरून पोरं शाळेला जातात ती यावरूनच.

‘‘मामा, दोघांना एक चक्कर मारता का?’’

मामांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वजनाचा अंदाज घेत होते. ‘‘एक जन बसा. दोघं बसलाव तर मी पोहत येतो.’’

पण साडू एकटे बसेनात. शेवटी मामा काठावर राहिले, आम्ही दोघे बसलो आणि मामांच्या दहा वर्षांच्या नातवाने बांबू घेतला. लाइफ जॅकेट आहे का, असं साडूभाऊंनी विचारलं. नातवाने ट्रॅक्टरची एक ट्यूब त्यांच्या गळ्यात घातली. हाराने सत्कार झाल्यासारखे ते बसले. धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवर. अशा रीतीने जलमार्ग क्रमांक चारवरची पहिली प्रवासी सेवा सुरू झाली. दहा-बारा वाव आत गेलो असू. वारा चांगला होता. साडूभाऊ म्हणाले, ‘‘बघा, आता कसं ऱ्हाईनवर आल्यासारखं वाटतंय.’’ नातू म्हणाला, ‘‘हलू नका.’’

आणि काठावर पांढरी जीप येऊन थांबली. मागे डिझेलचा कॅन. चारपाच जण उतरले, एकाने शिट्टी फुंकली.

‘‘तराफा काठाला घ्या!’’

भोईमामा केव्हाच बाभळीत गेले होते. मेव्हणा मोबाइलवर कुणाशी तरी महत्त्वाचं बोलत गाडीच्या पलीकडे उभा होता. सासरेबुवा खाली मान घालून चपलेतला काटा काढत होते. आम्ही काठाला लागलो. पथकात एक तरुण तलाठी होता, हातात वही. त्याने गळ्यात ट्यूब घातलेल्या साडूभाऊंकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘वाळू कुठंय?’’

‘‘वाळू नाही हो, आम्ही जावई आहोत,’’ मी म्हटलं.

‘‘कुणाचे?’’

मी सासरेबुवांकडे बोट दाखवलं. सासरेबुवांचा काटा अजून निघाला नव्हता.

डबा उघडायला लावला. धपाटे निघाले. तलाठ्याने दोन सहकाऱ्यांना बोलावून दाखवले, कारण पंचनाम्याला पंच लागतात. तेवढ्यात साडूभाऊंच्या अंगात बँकेतला साहेब जागा झाला. त्यांनी ट्यूब तशीच गळ्यात ठेवून, भिजलेली पँट झटकत, शुद्ध पुणेरीत सुनावलं, ‘‘हे पाहा, तुम्हाला माहिती नसेल. हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक चार आहे. संसदेचा कायदा आहे, २०१६ चा. इथे जलवाहतूक करण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.’’

तलाठ्याने नीट ऐकून घेतलं. वहीत काहीतरी लिहिलं. धपाट्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला.

‘‘आसंल की, काका,’’ तो म्हणाला. ‘‘सातबाऱ्यावर नोंद दाखवा.’’